आधी डोंगलचं बघा, मग लॅपटॉपचं

पत्र थोडक्यात: नारायण पेठेतल्या एक ताई वीसेक वर्षं घरातूनच डीटीपीची, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं तयार करायची कामं करतात. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, आणि गणपती झाले की दिवाळी अंकांची पानं. कॉम्प्युटर जुना, विंडोज १० वाला. त्यावर पानं लावायचं पेजमेकर ७ आणि मराठी टायपिंग-फॉन्टच्या श्रीलिपीची एक जुनी आवृत्ती, जी डोंगल (लायसन्सची चावी म्हणून पीसीला लावायची छोटी वस्तू) लावल्याशिवाय उघडत नाही. सोबत ए३ लेझर प्रिंटर, तोही वयस्कर. आता स्क्रीनवर सारखं येतंय की हा पीसी विंडोज ११ साठी चालणार नाही. त्यातच लेकीला यंदा मेकॅनिकलला ॲडमिशन मिळतीये आणि तिलाही लॅपटॉप हवाय. दीर म्हणतात सेलमध्ये आय ७ घेऊन टाका, दोघींचं एकात भागेल. टिळक रोडवरचा दुकानदार म्हणतो जुन्यातच सोळा जीबी रॅम टाका, पळेल. बजेट ओढूनताणून सत्तर हजार. "घरात कॉम्प्युटरमधलं कुणालाच धड कळत नाही, कुठला लॅपटॉप घेऊ ते तुम्हीच सांगा," असं त्या लिहितात. शेवटी हेही विचारलंय की जुना पीसी दुकानदार एक्सचेंजमध्ये अडीच हजाराला घ्यायला तयार आहे, देऊन टाकू का. सोबत कॉम्प्युटरच्या 'अबाउट' स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो आहे.

ताई, नमस्कार.

लॅपटॉपचं सांगतो, पण जरा दमानं. तुम्ही तो फोटो जोडलात ते फार बरं केलंत, कारण पत्रात कुठेच नसलेली एक गोष्ट त्यात आहे आणि ती बघितल्यावर तुमच्या प्रश्नाचा क्रमच उलटा होतो.

फोटोत प्रोसेसरपुढे आय ५ ४४६० दिसतंय. हा २०१४ चा, इंटेलच्या चौथ्या पिढीचा, चार कोअरवाला, आणि पत्रिका-अहवालांच्या कामाला आजही काही वाईट नाही. त्याखाली रॅम ४ जीबी आणि पुढे कंसात '३.२१ जीबी युजेबल'. त्याच्याही खाली सिस्टिम टाइपपुढे लिहिलंय '३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स ६४ बेस्ड प्रोसेसर'. ही ती ओळ. म्हणजे प्रोसेसर ६४ बिटचा, पण त्यावर बसलेली विंडोज ३२ बिटची. बहुतेक तुमच्याकडे आधी विंडोज ७ ची ३२ बिट होती आणि तिच्यावरच अपग्रेड होत होत १० आली, मधे कुणी हे बघितलंच नाही. आता ३२ बिट विंडोज १० चार जीबीच्या वर रॅम वापरू शकत नाही, त्या चारातलाही काही भाग ग्राफिक्स आणि बाकीच्या हार्डवेअरच्या नावावर जातो, म्हणून तुमच्या हाती ३.२१ राहतात. थोडक्यात, उद्या सोळा जीबी टाकलीत तरी कंसातला आकडा जवळपास तोच राहणार, पैसे तेवढे जाणार. दुकानदार फसवतोय असं मी म्हणत नाही हां, त्याने रॅमचे स्लॉट मोकळे आहेत एवढं बघितलं असेल आणि विंडोज कुठली ते विचारायचं राहून गेलं असेल.

मग विंडोजच ६४ बिट करून टाकू, प्रोसेसरला तर चालतंय, असं आता कुणीतरी म्हणेलच. करता येते, पण ३२ वरून ६४ वर साधं अपग्रेड होत नाही, विंडोज कोरी टाकावी लागते आणि सगळे प्रोग्राम पहिल्यापासून बसवावे लागतात. आणि तिथेच तुमचा डोंगल मधे येतो.

हे जरा सविस्तर सांगतो कारण खरा घोळ इथे आहे. जुना ३२ बिटचा प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर बऱ्याचदा चालून जातो. ड्रायव्हरचं तसं नाही. डोंगल असो, प्रिंटर असो, स्कॅनर असो, त्याच्याशी विंडोजला बोलायला जो ड्रायव्हर लागतो तो ६४ बिट विंडोजवर ६४ बिटचाच लागतो, ३२ चा अजिबात चालत नाही, जुगाड नाही. वर जुन्या सीडींमधले काही इन्स्टॉलर तर १६ बिटच्या जमान्यातले असतात, ते ६४ बिट विंडोजवर सुरूच होत नाहीत. आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते, तिची ३२ बिट आवृत्ती मायक्रोसॉफ्टने काढलेलीच नाही. आता दिरांचा सल्ला परत वाचा. आय ७ घ्या, आय ९ घ्या, डोंगलचा ६४ बिट ड्रायव्हर नसेल तर श्रीलिपी उघडणार नाही म्हणजे नाही. सगळे तुम्हाला मशीनची ताकद सांगतायत, आणि तुमची अडचण ताकदीची नाहीच आहे मुळात.

म्हणून पहिला फोन श्रीलिपीवाल्यांना. कंपनी पुण्यातलीच आहे, मॉड्युलर इन्फोटेक. फोन करायच्या आधी तुमच्या आवृत्तीचा नंबर आणि डोंगलवर काही छापलेलं असेल तर ते कागदावर लिहून घ्या, आणि विचारा की ह्या डोंगलला ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का, नसेल तर जुन्या लायसन्सवर नव्या आवृत्तीला किती पडतील, आणि सगळ्यात महत्त्वाचं, माझ्या जुन्या फाइल्स त्यात जशाच्या तशा उघडतील का. तुमच्या जुन्या फाइल्समधली अक्षरं युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी दिसणारी) नाहीत, ती त्या त्या फॉन्टच्या स्वतःच्या सांकेतिक जागांवर बसलेली आहेत, तोच फॉन्ट नसेल तर चि. आणि सौ. कां. च्या जागी चित्रविचित्र इंग्रजी चिन्हं दिसतात, हे तुम्हाला मी काय सांगणार.

"हो हो, उघडतात" एवढ्यावर पैसे देऊ नका मात्र. एक खरं काम पेनड्राइव्हवर घेऊन जा, गेल्या वर्षीच्या अंकातली काही पानं वगैरे, आणि विंडोज ११ च्या मशीनवर समोर उघडायला लावा. रफार जागेवर आहे का, 'ऱ्या' आणि 'द्ध' नीट आलेत का, आणि ओळी जिथे तुटत होत्या तिथेच तुटतायत का ते बघा. चौसष्ट पानी अंकात पान तीनवर एक ओळ खाली सरकली की पुढची सगळी पानं सरकतात आणि प्रूफं परत वाचायला कुणाला वेळ असतो.

पेजमेकरचं वेगळंच. आवृत्ती ७ ही २००१ ची, अडोबीने ते कधीच गुंडाळलंय आणि त्याच्या जागी आणलेल्या इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्यांमध्ये पेजमेकरच्या फाइल्स थेट उघडत नाहीत. तेव्हा पुढेमागे काहीही ठरवा, पण ज्या कामांच्या परत ऑर्डरी येतात, सोसायट्यांचे अहवाल, शाळांचे फॉर्म, त्यांची पीडीएफ जुन्या मशीनवर आत्ताच करून ठेवा. आणि प्रिंटरच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर, पूर्ण, शेवटच्या अक्षरांसकट, कंपनीच्या वेबसाइटवर टाकून ड्रायव्हरच्या यादीत 'विंडोज ११, ६४ बिट' मिळतंय का ते लेकीकडून बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आता त्या विंडोज ११ च्या सूचनेबद्दल. तुमच्या पत्राचा सूर असा आहे की आता हे मशीन संपलं. नाही संपलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला, म्हणजे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट थांबले, कॉम्प्युटर थांबला नाही. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सिक्युरिटी अपडेटची सोय दिलीय ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग सिंक केलं की फुकट मिळते, सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर तिची लिंक असते. तारीख ऐन अंकांच्या धांदलीतली आहे, तेवढं लक्षात ठेवा. विंडोज ११ तुमच्या मशीनला नाही म्हणते ती ते हळू आहे म्हणून नव्हे, तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, सिक्युअर बूट लागतं आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला लागतो, आणि इंटेलच्या बाबतीत ती यादी एखाददुसरा अपवाद सोडला तर आठव्या पिढीपासून सुरू होते. तुमचा चौथ्या पिढीचा. नात्यातला एखादा हुशार मुलगा म्हणेल काकू मी तपासणी चुकवून टाकून देतो, आणि तो टाकूही शकेल, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि तुमच्या बाबतीत तर गोष्ट परत ६४ बिट आणि डोंगलवरच येऊन थांबते. गेम खेळायच्या मशीनवर करू दे त्याला काय करायचे ते प्रयोग. ज्यावर घर चालतं त्यावर नको.

तर माझं मत असं की जुनं मशीन आहे तसंच ठेवा, ३२ बिट विंडोज, डोंगल, पेजमेकर, प्रिंटर सगळं तसंच, आणि त्याचं इंटरनेट तोडा. लॅनची केबल काढा, वायफायचा तो छोटा यूएसबी असेल तर तोही काढा. टायपिंग, पानं लावणं, प्रिंट, पीडीएफ, बास. सपोर्ट संपलेल्या विंडोजला मुख्य धोका असतो तो इंटरनेटवरून आणि बाहेरच्या पेनड्राइव्हवरून, तेव्हा गिऱ्हाइकाने आणलेला पेनड्राइव्ह थेट त्यात लावायचा नाही, मजकूर आधी दुसऱ्या मशीनवर घ्यायचा, स्कॅन करायचा, मग स्वतःच्या ठरलेल्या एका पेनड्राइव्हवरून इकडे.

आणि खर्च करायचाच तर एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर करा. पत्रात तुम्ही लिहिलंय की सकाळी चालू करून चहा टाकते तरी डेस्कटॉप आलेला नसतो. त्याला कारण बहुतेक हार्ड डिस्क आहे, रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर उसनी जागा घेते आणि डिस्क जुनी फिरती असली की सगळंच रांगत चालतं. खात्री करायची तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात डिस्कच्या रकान्यात काही न करता १०० टक्के दिसत राहिलं तर हेच. तुमच्या मशीनला २.५ इंची साटा एसएसडी लागेल, ती एम डॉट २ ची छोटी पट्टी नको, ह्या पिढीच्या साध्या बोर्डांवर तिचा स्लॉट बहुतेक नसतोच आणि लोक हीच चूक करून परत दुकानात जातात. जुन्या डिस्कचं क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करून घ्या म्हणजे विंडोज, डोंगलचा ड्रायव्हर, फॉन्ट सगळं जसंच्या तसं नव्यावर येतं, काहीही नव्याने बसवावं लागत नाही. जुनी डिस्क तारीख लिहून कपाटात. खरं सांगू का, तुमच्या धंद्याला मला जास्त धोका वाटतो तो विंडोज १० चा नाही, दहा-अकरा वर्षं रोज फिरलेल्या त्या डिस्कचा वाटतो, ती अंकांच्या दिवसांत बसली तर कुठला प्रोसेसर होता ते कुणी विचारणार नाही. तेव्हा क्लोनचं काम गणपतीच्या आधी उरकून घ्या. सॉफ्टवेअर बदलायचं असेल तर ते मात्र दिवाळी झाल्यावर, आत्ता नको.

मेल, बँक, जीएसटी वगैरेचं काय, तर सध्या मोबाइल आणि रात्री लेकीचा लॅपटॉप. पुढे जमेल तेव्हा ऑफिसांतून निघालेला रिफर्बिश्ड (दुरुस्त करून परत विकायला ठेवलेला) डेस्कटॉप घ्या. फक्त प्रोसेसरचा नंबर बघून, आय ५ नंतरचा आकडा आठ हजारांच्या पुढचा आहे का, उदाहरणार्थ ८५००. ६५०० किंवा ७५०० दोन-तीन हजाराने स्वस्त म्हणून घेतलात की परत हीच सूचना स्क्रीनवर.

आता "दोघींचं एकात भागेल" हे. दिरांचा हेतू चांगलाच आहे, पैसे वाचावेत हाच, पण दिवसभर लॅपटॉप तिच्या सॅकमध्ये कॉलेजात असणार आणि तुम्हाला दुपारी तीनला संपादकांचा फोन येणार की पान बावीसवरची जाहिरात बदललीय, लगेच पाठवा. वर डोंगलची गोष्ट आहेच. दोघींच्या गरजा दोन टोकांच्या आहेत, तुम्हाला जुनं सॉफ्टवेअर चालायला हवंय आणि तिला नवं, एका मशीनवर दोन्ही बसवायला गेलात की दोघींची गैरसोय. हो, नव्या लॅपटॉपमध्ये व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला कॉम्प्युटरातला कॉम्प्युटर) करून आत जुनी ३२ बिट विंडोज चालवता येते, डोंगलही त्यात जोडून बघता येतो, पण ते एकदा बसवून मोकळं होण्यातलं प्रकरण नाही, अडलं की सोडवणारा माणूस घरात हवा, आणि नाहीये असं तुम्हीच म्हणताय.

लेकीचं बघू. पहिलं वर्ष बहुतेक ठिकाणी सगळ्या शाखांना जवळपास सारखंच असतं, गणित, ग्राफिक्स, थोडं प्रोग्रॅमिंग, त्याला साधा लॅपटॉपही पुरतो. जड सॉफ्टवेअर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला येतं. त्यामुळे ॲडमिशन पक्की व्हायच्या आधी सेलमध्ये उडी मारायची काही गरज नाही. आधी कॉलेजात विचारायचं, किंवा दोन वर्षं पुढच्या मुलामुलींना विचारायचं, ते जास्त खरं सांगतात, की लॅबमध्ये कुठलं कॅड (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) वापरता, कुठली आवृत्ती, घरी काय लागतं आणि लॅबमध्येच काय होतं. ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, सिम्युलेशनच्या (यंत्राच्या भागांवरचा ताण वगैरे कॉम्प्युटरवर तपासायच्या) ॲन्सिसची विद्यार्थी आवृत्तीही फुकट आहे, म्हणजे त्यावर खर्च धरू नका. पण ॲन्सिस आणि सॉलिडवर्क्स हे दुसरं कॅड मॅकवर चालत नाहीत, तेव्हा मॅकबुक बाद. आणि सध्या ते स्नॅपड्रॅगनवाले विंडोज लॅपटॉप आलेत ना, बॅटरी खरंच छान चालते त्यांची, वजनाला हलके, दिसायला देखणे, तेही ह्या शाखेला नकोत, कारण ते एआरएम जातीचे, इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेचे प्रोसेसर आहेत आणि ऑटोकॅडच्या रिक्वायरमेंटमध्ये स्वच्छ लिहिलंय की एआरएम प्रोसेसर चालत नाहीत. वाणिज्य शाखेच्या मुलीला मी कदाचित तोच घे म्हटलं असतं.

रिक्वायरमेंट वाचायची कशी हेही सांगतो कारण तिथे लोक हमखास पहिला रकाना वाचून थांबतात. ऑटोकॅड २०२५ चं बघा, रॅमपुढे बेसिक ८ जीबी आणि रेकमेंडेड ३२ जीबी, ग्राफिक्सपुढे बेसिक २ जीबी आणि रेकमेंडेड ८ जीबी. बेसिक किंवा मिनिमम म्हणजे प्रोग्राम उघडेल, एकटा, छोटी ड्रॉइंग असली तर. त्याच वेळी क्रोममध्ये पंधरा टॅब, एकीकडे लेक्चरचा व्हिडिओ आणि पाठीमागे व्हॉट्सॲप, हे त्या आकड्यात धरलेलं नसतं. खुद्द विंडोज ११ ची मिनिमम रॅम ४ जीबी आहे आणि ४ जीबीवर विंडोज ११ वापरणाऱ्याचा चेहरा एकदा बघा. बत्तीस मात्र शिकणाऱ्या मुलीला पहिल्या दिवसापासून लागत नाही, सोळा ठीक, आणि पुढे वाढवता येईल अशी सोय हवी. सोळा बजेटमध्ये बसत नसेल तर आज आठ आणि एक स्लॉट मोकळा, हेही चालेल. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून बरेच चढलेत, तेव्हा शेजारच्यांनी दीड वर्षापूर्वी कितीला घेतला होता ते डोक्यात ठेवू नका.

आय ७ चं भूत एकदा उतरवू. आय ७ १२५५यू आणि आय ५ १२४५०एच हे दोन्ही एकाच बाराव्या पिढीचे. यू वाल्यात मोठे कोअर दोन, छोटे आठ, आणि तो १५ वॅटवर चालायला बनवलेला. एच वाल्यात मोठे चार, छोटे चार, ४५ वॅटचा. तासभर सिम्युलेशन चालवायचं असेल तर बहुतेक वेळा तो आय ५ पुढे जाईल, नावात ७ नसूनही. उलट बाजूही सांगायला हवी, एच वाले लॅपटॉप जड असतात, तापतात, चार्जर विटेएवढा आणि बॅटरी दुपारपर्यंत. लेक पीएमपीच्या बसने उभं राहून जाणार असेल तर ते ओझं रोजचं आहे, तिलाच विचारा. एएमडीमध्येही अशीच गंमत, रायझन ५ ७५२०यू हा नंबर ऐकायला नवा पण आत जुनी झेन २ ची रचना. त्या ७००० च्या मालिकेत तिसरा आकडा बघायचा, २ असेल तर झेन २, ३ असेल तर झेन ३. दुकानात हे कुणी सांगत नाही.

मला विचाराल तर मेकॅनिकलसाठी आय ५ किंवा रायझन ५ मधला एच वर्गातला, साधंसं का होईना वेगळं ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एसएसडी, आणि रॅमचं वर म्हटलं तसं. एसएसडी आणि क्लोनचे पैसे आधी बाजूला काढा, मग उरलेल्यात हे बसवा. बसत नसेल तर ग्राफिक्स कार्ड सोडा, रॅमचा स्लॉट सोडू नका.

आणि दुकानात गेल्यावर "आय ५, सोळा जीबी" एवढ्यावर मान डोलवायची नाही, मॉडेलचा पूर्ण नंबर लिहून मागायचा, घरी येऊन कंपनीच्या पानावर बघायचा, मग पैसे. डेमोचं मशीन चालू असेल तर अजून सोपं. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, खाली 'स्लॉट्स यूज्ड' पुढे '२ पैकी १' असं काही दिसलं की छान, एक मोकळा आहे. तिथेच फॉर्म फॅक्टरपुढे 'सोडिम' असेल तर ती काढता-घालता येणारी रॅम. 'रो ऑफ चिप्स' असं आलं तर रॅम बोर्डावरच डकवलेली आहे. मग दुकानदाराला विचारायचं की वेगळा मोकळा स्लॉट आहे का, आणि नसेल तर आज जेवढी घ्याल तेवढीच चार वर्षं. सेल्समनला राग आला तर येऊ दे. विंडोज आधीपासून टाकलेली आहे ना तेही बघा, डॉसवाला लॅपटॉप पाच-सहा हजाराने स्वस्त दिसतो आणि मग ओळखीचा कुणीतरी चोरीची विंडोज टाकून देतो.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांनाही सांगतो. ज्यांच्या कॉम्प्युटरला एखादं जुनं यंत्र जोडलेलं आहे, दाताच्या दवाखान्यातला एक्सरेचा सेन्सर, एम्ब्रॉयडरीचं मशीन, वजनकाटा, बारकोडचा प्रिंटर, त्या सगळ्यांचं ताईंसारखंच आहे. आधी त्या यंत्राच्या कंपनीला विचारा की विंडोज ११ चा ६४ बिट ड्रायव्हर आहे का, उत्तर मेलवर लेखी घ्या, मग कॉम्प्युटरच्या दुकानाची पायरी चढा. ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्येच चालतं त्यांना ह्यातलं काहीही लागू नाही, तुम्ही आपलं आठवी पिढी आणि आठ-सोळा जीबी बघून खुशाल घ्या.

राहता राहिलं एक्सचेंज. ताई, अडीच हजारासाठी ते मशीन देऊ नका, तुमची मिळकत त्यावर आहे आणि नव्यावर डोंगल चालल्याचं तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं नाही अजून. पुढे कधी दिलंच तर हार्ड डिस्क काढून घेऊन द्या, त्यात वीस वर्षांच्या गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर आहेत, आणि नुसतं डिलीट केल्याने ते जात नाहीत. दुकानदार डिस्कचे तीनशे-चारशे कापेल, कापू दे. आणि डोंगल पीसीच्या मागे लावलेला असतो, तो देताना विसरून जाईल, तो आधी काढा.